तिसऱ्या वळणावरची टहाळी

साहेब, तुम्ही त्या बाईला प्रेक्षक ठरवलंत. तुमच्या अहवालात तसं वाक्य आहे, 'एक महिला प्रेक्षक वारंवार सूचना देऊनही ट्रॅकमध्ये घुसली.' यमू घुसली नव्हती. तुमच्या ठेकेदारानं तिला सकाळी सात वाजता वाडीतून टेम्पोत भरून आणलं, तुमच्याच खोक्यातली पांढरी टोपी तिच्या डोक्यावर चढवली आणि इथून हलायचं नाही असं बजावून दोन दिवस उन्हात उभं केलं. प्रेक्षक मंडपात बसतात, साहेब. त्यांना पंखे असतात. यमूला सावलीला करवंदीचं झुडूपसुद्धा नव्हतं. तुम्ही खोटं लिहिलंत, आणि ते खोटं पचावं म्हणून दुसऱ्या एकाची सही मागितलीत. त्या दुसऱ्याचं नाव चंदर विशे. त्याचं त्या दोन दिवसांत काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. बाकीच्यांना माहीत नाही, म्हणून लिहितो.

सन दोन हजार एक, एप्रिलचा तिसरा आठवडा. मुरबाडहून धसईच्या रस्त्याला लागलं की डाव्या हाताला खलाटी आहे, भाताची सखल जमीन. तिथली अकरा खाचरं तुम्ही दोन महिन्यांसाठी घेतलीत, जेसीबी फिरवून बांध मोडलेत, मातीचे उंचवटे रचलेत, बांबू रोवून दोऱ्या ताणल्यात आणि मोटरसायकलच्या राष्ट्रीय स्पर्धेची तिसरी फेरी इथं होणार म्हणून मुरबाडपासून शहापूरपर्यंत कापडी फलक लावलेत. धूळ उडू नये म्हणून दिवसाला चार टँकर पाणी त्या मातीवर ओतलंत. त्याच महिन्यात यमूच्या वाडीतल्या बाया हंडा घेऊन अर्धा कोस उतरत होत्या. ते असो. ते तर दरसालचं आहे.

चंदर शहापूरचा. भातसानगरच्या खालच्या अंगाला त्याचं गाव, आणि शहापूरच्या नाक्यावर गॅरेज. गाडी तो कालव्याच्या कडेच्या कच्च्या रस्त्यावर शिकला, बापाला धरणावर डबा पोचवता पोचवता. पुढं जुनी आरएक्स हंड्रेड भंगारातून उचलली, इंजिन चार वेळा उघडलं, चेसिसला स्वतः वेल्डिंग मारलं आणि खासगी गटात उतरला. खासगी गट म्हणजे ज्यांच्या पाठीशी कंपनी नाही ते. पाच वर्षं तो या गटात पळत होता. आता वयाचं सत्तावीसावं सरत आलं होतं. बायको प्रमिला कधी आडवी आली नाही, पण निघताना बुटाच्या नाड्या बांधून देत तिनं एवढंच विचारलं होतं, "या वर्षी तरी याचा निकाल लागल ना?"

निकाल लागणार होता. एका कंपनीच्या मॅनेजरनं त्याला मागच्या फेरीनंतर बाजूला घेऊन सांगितलं होतं, "पुढच्या सीझनला टीममध्ये एक जागा रिकामी आहे. मुरबाडला तुमच्या गटात पहिला ये, जागा तुझी. दुसरा आलास तर फोन करू नकोस. अठ्ठावीसच्या पुढचा नवा माणूस आम्ही घेत नाही." मॅनेजर सरळ माणूस होता. त्याचा राग नाही.

शनिवारी सकाळी साडेसातला चंदर ट्रॅक बघायला निघाला तो बूट हातात घेऊन, अनवाणी. बरोबर त्याचा मेहुणा सुरेंद्र. टेम्पो त्याचा, पाने-हातोडी त्याची, आणि तोंडही त्याचंच.

"भावजी, रेस हाय, भातलावणी नाय. बूट घाला."

"माती पायाला कळते. बुटाला नाय कळत."

"मग उद्या गाडी नका घेऊ, चालतच पळा. तुमी पहिले याल."

पुण्यामुंबईचे रायडर हसत होते. चंदरनं लक्ष दिलं नाही. पहिलं वळण घट्ट. दुसरं घट्ट. त्यापुढं लांब सरळ पट्टा, गाडी चौथ्या गिअरला जाईल असा, आणि त्याच्या टोकाला उजवीकडं तिसरं वळण. त्या वळणाच्या आतल्या अंगाला चंदरनं टाच दाबली. वरचा पापुद्रा कडक होता. पण खालची जमीन हलली. थोडीशीच, पोटात वारा धरलेल्या जनावरासारखी.

"नको दाबू, दादा," बाजूनं आवाज आला. टोपीवाली बाई होती. चाळिशीची, काळीसावळी, हातात काही नाही. "त्ये खाचराचं तोंड हाय. पावसाळ्यात हितून पाणी काढतात. जेशीबीनं माती लोटून बुजवलं. मी हितं लावणी केल्येय ना, गुडघ्यापतूर पाय जातो. आता ह्ये टँकरचं पाणी कुठं जाणार? हितंच बसणार."

"तुमचं नाव काय, मावशी?"

"यमू. वाडीवरची." तिनं हनुवटीनं टेकडीकडं दाखवलं. "मला हितंच उभं करणार हायेत. दोन दिस."

चंदर तसाच अनवाणी तुमच्या मंडपात आला. आठवतंय ना? तुम्ही खुर्चीत होता, टेबलावर कलिंगडाच्या फोडी होत्या.

"साहेब, तिसऱ्या वळणाला आतल्या बाजूला माती बसकी आहे. खाली पाणी साठलंय."

"नंबर?"

"चौतीस."

"चौतीस, तू रायडर आहेस का तलाठी?"

मंडप हसला.

"जेसीबी तीनदा गेलाय तिथून. जेसीबी बुडाला नाही आणि तुझी शंभर किलोची गाडी बुडणार?"

"जेसीबी पाणी मारायच्या आधी गेला, साहेब."

तुम्ही फोड खाली ठेवलीत. "हे बघ. आणखी एक शब्द बोललास तर तपासणीत तुझं इंजिन दोनदा उघडायला लावीन. दुसऱ्यांदा बसवायला वेळ मिळेल न मिळेल."

तो गप्प झाला. घाबरला, असं सरळच लिहितो. पाच वर्षं ज्या दाराशी तो उभा होता त्या दाराची कडी तुमच्या हातात होती.

दुपारी वेळेची चाचणी झाली. प्रत्येकानं एकट्यानं तीन फेऱ्या मारायच्या, सगळ्यात वेगवान फेरी धरायची. चंदर दुसरा आला. पहिला आला पुण्याचा आदेश, अर्ध्या सेकंदानं. पोरगा गुणी, उंच, गाडी मांडीखाली अशी वळवायचा की बघत राहावं. चंदरनं तिसरं वळण तिन्ही वेळा बाहेरच्या अंगानं घेतलं होतं, आदेशनं आतून. अर्धा सेकंद तिथंच गेला होता.

"काय शहापूर," आदेश हेल्मेट काढत म्हणाला, "उद्या धूळ खाणार का चारणार?"

"घरची धूळ हाय. आमाला पचते. तुझं बघ."

"पण ते तिसरं वळण बाहेरून का घेतोस? फुकट लांब पडतं."

"आत माती बसकी हाय. तुला सांगून ठेवतो."

आदेश हसला. रेसच्या आदल्या दिवशी प्रतिस्पर्धी फुकटचा सल्ला देतो तेव्हा कोणीही हसेल. चंदरलाही ते कळलं आणि त्यानं पुन्हा सांगितलं नाही.

चार वाजता तुमच्या माणसानं वळणावरच्या लोकांना, तुमच्या भाषेत मार्शलना, रांगेत उभं केलं. आठ जागा, आठ माणसं, सगळी वाडीवरची मजुरीची. दहा मिनिटांत हिंदीतून शिकवणी झाली. कोणी पडलं तर पिवळा झेंडा जोरात हलवायचा. पिवळा दिसला की रायडरनं वेग कमी करायचा, कोणाला ओलांडायचं नाही. मग झेंडे वाटले. झेंडे चारच होते. त्यातले दोन मंडपासमोर गेले, जिथं फोटो निघतात. चंदर पंचवीस पावलांवर टाकीत ऑइल मिसळत होता. त्याला प्रत्येक शब्द ऐकू आला.

"मला?" यमूनं विचारलं.

"तू हात हलव."

"हात हलवून आमी माणसाला जवळ बोलावतो. थांबवत नाय."

"मग ओरड."

"त्या फटफटीत कोणाला ऐकू जाणार?"

"तुला बोलवलंय कशाला? उभं राहायला ना? उभी राहा."

चंदरनं टाकीचं झाकण लावलं. एकदा त्याला वाटलं, उठावं. सुरेंद्रनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "भावजी, सकाळी झालं तेवढं बास. उद्या पहिले या, मग बोला. पहिल्याचं ऐकतात." चंदर बसून राहिला. तुमच्या खोटेपणाचा हिशेब मांडताना हे बसून राहणं लपवणार नाही. ते त्याचं होतं.

रविवारी दोनला रेस लागली. बारा फेऱ्या, चौदा गाड्या. ऊन असं की हातमोज्यात बोटं शिजत होती. कर्णे ओरडत होते, मंडपात पाहुणे आले होते, बांधावर धसईपासूनची माणसं उभी होती. सुरेंद्रनं चेनवरून शेवटचा हात फिरवला आणि मागं गेला.

झेंडा पडला. चंदरनं क्लच सोडला तो अर्धवटच, पुढचं चाक उचललं, त्यानं छाती टाकीवर दाबली. पहिल्या वळणाला पाचवा. दुसऱ्याला चौथा. तोंडात माती, चष्म्यावर माती. तिसऱ्या वळणाला सगळे आतून घुसले, तो एकटा बाहेरून गेला आणि सहाव्यावर घसरला. असं प्रत्येक फेरीला होणार होतं. तिसऱ्या वळणावर हरायचं आणि उरलेल्या वळणांत जिंकायचं, हे त्यानं शनिवारीच मनाशी ठरवलं होतं. तसं त्यानं केलं. दुसऱ्या फेरीत एक उचलला, तिसऱ्या फेरीत दोन. चौथ्या फेरीला पुढं फक्त आदेश राहिला. पाचव्या फेरीत मोठ्या उंचवट्यावरून आदेश लांब उडाला आणि चंदर मुद्दाम आखूड उडाला, लवकर खाली आला, चाकाला माती आधी मिळाली आणि तो पुढं निघाला. बांधावरची माणसं शहापूर, शहापूर करत होती. त्याला ऐकू आलं नाही. त्याला फक्त मागच्या गाडीचा आवाज ऐकू येत होता. जवळ आली, लांब गेली, जवळ आली.

सातवी फेरी संपताना तो पहिला होता. आदेश दोन गाड्यांच्या अंतरावर. हे तुमच्याच घड्याळवाल्यानं लिहून ठेवलंय.

आठव्या फेरीत तो लांब पट्ट्यावर आला. चौथा गिअर, थ्रॉटल पिळलेलं. समोर तिसरं वळण. आणि वळणाच्या तोंडाशी मातीत उभी रोवलेली करंजाची हिरवीगार टहाळी.

ज्यांना आमच्याकडचं माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. रस्त्यात खड्डा पडला, मोरी खचली, बांध फुटला, तर ज्याला ते पहिल्यांदा दिसेल त्यानं टहाळी तोडून तिथं रोवायची. मग पुढं जायचं. न रोवता गेला तर तो माणसात जमा नाही. आणि टहाळी दिसली की बैलगाडी थांबते, सायकल थांबते, एसटीचा ड्रायव्हरसुद्धा ब्रेक दाबून खाली बघतो. शहापूर-मुरबाडात टहाळी ओलांडून कोणी जात नाही. हे कोणी शिकवत नाही. चालायला येतं तेव्हाच हेही येतं.

मागं रेंगाळलेला एक्कावन्न नंबरचा रायडर आदल्या फेरीत तिथं फसला होता. पापुद्रा फुटला होता, पुढचं चाक दांड्यापर्यंत आत गेलं होतं, रायडर गाडीखाली अडकला होता. यमूकडं झेंडा नव्हता. ती बांधापलीकडच्या करंजाकडं धावली, फांदी मोडली, आणून रोवली, आणि मग त्या माणसाच्या काखेत हात घालून त्याला ओढू लागली. येणाऱ्या गाड्यांकडं पाठ करून. पाठ का केली, असं तुम्ही नंतर हसून विचारलंत. तिच्या पाठीमागं टहाळी होती, साहेब. टहाळी रोवल्यावर कोण मागं वळून बघतं?

चंदरच्या हातानं थ्रॉटल सोडलं तेव्हा त्याच्या डोक्यात अजून काही आलेलंही नव्हतं. हातानंच ओळखलं. गाडी मंदावली, तो बाहेरच्या बाजूला सरकला. रायडर अचानक वेग कमी करतो तेव्हा डावा हात वर करायचा, मागच्याला कळावं म्हणून. हे त्याला पाच वर्षं पाठ होतं. त्यानं हात वर केला नाही. टहाळी दिसतेय ना, मग हात कशाला? यमूनं जी चूक केली तीच त्यानं केली. दोघांना वाटलं, टहाळी सगळ्यांना वाचता येते.

आदेशला एवढंच दिसलं की शहापूरवाल्यानं गाडी सोडली आणि आतली वाट मोकळी झाली. तो आतून घुसला. टहाळी त्याच्या हँडलला लागून उडाली. पुढचं चाक चिखलात गेलं, मागचं चाक आभाळात, गाडी एकदा फिरली आणि यमूच्या डाव्या पायावर आली.

मागून अकरा गाड्या येत होत्या. धुरळ्यात त्यांना काही दिसणार नव्हतं आणि वळणावर तीन माणसं पडली होती. चंदरनं स्वतःची गाडी वळणाच्या तोंडाला आडवी टाकली. टाकली म्हणजे आपटली. पाच वर्षं बांधलेली गाडी. तिच्यापुढं उभा राहून तो दोन्ही हात हलवत राहिला. पहिली गाडी त्याच्या मांडीला घासून गेली आणि घसरून थांबली, दुसरी थांबली, मग सगळ्या थांबल्या. त्यानंतर रेस थांबवायचा तुमचा लाल झेंडा वर गेला. मंडपासमोरचा.

अँब्युलन्स आली. तीसुद्धा उशिरा, कारण फाटकात पाहुण्यांच्या गाड्या लागल्या होत्या. तिच्यात आदेशला घातलं, एक्कावन्न नंबरला घातलं आणि दार लावलं. यमू मातीत बसून होती. गुडघ्याखाली पाय भलत्या दिशेला गेला होता. ती ओरडत नव्हती. लुगड्याचा पदर दातांत धरून ती चंदरकडं बघत होती.

"दादा, त्याला टहाळी दिसली नाय?"

"दिसली आसंल, मावशी."

"मग?"

सुरेंद्रनं टेम्पो थेट ट्रॅकमध्ये घातला, दोऱ्या तोडून. गाडीसाठी आणलेल्या गोणपाटावर तिला निजवलं आणि मुरबाडला, तिथून कल्याणला नेलं.

चंदरला तुम्ही बोलावून घेतलंत. मंडपाच्या मागं तुमचं छोटं कापडी ऑफिस. या वेळी तुम्ही नंबर विचारला नाहीत.

"बस, चंदर. थंड घे."

तो उभाच राहिला. मांडीतून रक्त बुटात उतरत होतं.

"अर्ध्याहून जास्त फेऱ्या झाल्यात. तेव्हा सातव्या फेरीचा क्रम धरून निकाल लावायचा, असा नियम आहे. सातव्या फेरीला तू पहिला होतास. अभिनंदन."

त्यानं मांडीवर हात दाबून धरला.

"फक्त एक अडचण आहे. तू गाडी आडवी टाकलीस. आता बघ, वळणावर पिवळा झेंडा असेल तर तू धोका ओळखून थांबलास, कोणी बोट दाखवू शकत नाही. पण झेंडा नसेल, तर तू कारण नसताना ट्रॅक अडवलास. मग मला तुला बाद करावं लागेल. माझाही नाइलाज आहे." तुम्ही एक टाइप केलेला कागद त्याच्यापुढं सरकवलात. "झेंडा होता ना?"

चंदरनं कागद वाचला. पिवळा झेंडा वेळेत दाखवण्यात आला. त्याच वेळी एक महिला प्रेक्षक ट्रॅकमध्ये घुसली. खाली त्याचं नाव आणि सहीची रिकामी जागा.

"हिचं काय?" त्यानं विचारलं.

"तिचं आम्ही बघू. माणुसकी म्हणून काहीतरी करू. पण ती आमची माणूस होती असं निघालं तर उद्या पोलीस, परवा कोर्ट, आणि या तालुक्यात पुन्हा रेस होणार नाही. तुझ्याच पोरांचं नुकसान. विचार कर. मॅनेजर बाहेर थांबलेत."

कापडाच्या फटीतून चंदरला मॅनेजर दिसत होता. गाडीला टेकून घड्याळ बघत होता. सहा पावलं होती मधे. सही करायची, सहा पावलं चालायची, आणि मग गॅरेजमध्ये दुसऱ्यांच्या गाड्यांखाली निजायचं नाही, भंगारात पिस्टन शोधायचे नाहीत. प्रमिलाला सांगायचं, लागला निकाल. त्यानं पेन घेतलं. पेन घेतलं हे खरं आहे. किती वेळ हातात धरलं होतं ते तुम्हालाच ठाऊक, कारण तुम्ही पंखा बंद करून त्याच्याकडं बघत होता. कागद उडू नये म्हणून.

मग त्यानं लिहिलं. टाइप केलेल्या मजकुराखाली, गॅरेजच्या बिलावर लिहितो तसल्या मोठ्या अक्षरांत:

'झेंडा नव्हता. बाईला दिलाच नव्हता, मी शनिवारी कानानं ऐकलं. टहाळी होती. बाई तुमची मार्शल होती, प्रेक्षक नव्हती. टहाळी बघून मी गाडी सोडली पण मागच्याला हात केला नाही, ती माझी चूक.'

आणि सही.

तुम्ही वाचलंत. "टहाळी? नियमाच्या पुस्तकात टहाळी कुठं आहे?"

"पुस्तकात नाय, साहेब. वळणावर होती."

"तू स्वतःच्या हातानं स्वतःला बाद केलंस, कळतंय का?"

"कळतंय."

"मग शेवटची ओळ तरी कशाला लिहिलीस? ती कोणी विचारली होती?"

"कोणी नाय. पण तेवढी सोडून बाकीचं लिहिलं असतं तर मीपण तुमच्यासारखाच झालो असतो."

तो बाहेर आला तेव्हा मॅनेजरला निरोप आधीच पोचला होता. मॅनेजर दोन पावलं पुढं आला, थांबला, आणि वळून गाडीत बसला. पुढच्या सीझनला ती जागा नाशिकच्या एका एकवीस वर्षांच्या पोराला मिळाली. चांगला पळतो म्हणतात.

संध्याकाळी सुरेंद्र कल्याणहून परत आला. यमूच्या पायात सळई घालायची होती. दोघांनी मिळून वाकलेली गाडी टेम्पोत चढवली. शहापूरच्या वाटेला लागल्यावर सुरेंद्र म्हणाला, "भावजी, सही केली असतीत तर..."

"तर?"

"तर मी तुमाला काय बोललो नसतो. येवढंच." थोडं अंतर गेल्यावर तो पुन्हा म्हणाला, "पण टेम्पोत तुमच्या बाजूला बसवलं नसतं. मागं गाडीबरोबर बसवलं असतं."

चंदर हसला नाही. मांडीवर फडकं दाबून तो रस्ता बघत राहिला.

आठ दिवसांनी तुमचा निर्णय आला. चंदरनं लिहिलेल्या पाच ओळींतली तुम्ही एकच उचललीत, शेवटची. 'रायडर क्रमांक चौतीस याने स्वतः कबूल केल्याप्रमाणे मागील रायडरला इशारा दिला नाही, तसेच ट्रॅक अडवला. सबब त्यास बाद करण्यात येत असून एक वर्ष बंदी घालण्यात येत आहे.' बाकीच्या चार ओळी त्याच्या हातच्या नव्हत्या काय? एकाच पेनानं, एकाच दमात लिहिलेल्या ओळींतली एक खरी आणि चार खोट्या, हे तुम्ही कोणत्या चाळणीनं चाळलंत?

आदेशचं गळ्याचं हाड मोडलं होतं. तो बरा झाल्यावर शहापूरला गॅरेजवर आला. त्यानं सांगितलं, "फांदी दिसली होती रे. पण ती कशाची ते कळलं नाही. वाटलं, वाऱ्यानं पडलीय." चंदरनं त्याला चहा पाजला. तुम्ही पहिला नंबर आदेशला दिला होतात. त्यानं ढाल परत पाठवली. तीही तुमच्या ऑफिसात कुठंतरी पडली असेल.

यमूचा गुडघा आता वाकत नाही. ज्या बाईला गुडघा वाकवता येत नाही तिला लावणीला कोणी बोलावत नाही. गेल्या आषाढात चंदरनं तिला आपल्या खाचरावर नेलं. ती बांधावर पाय पसरून रोपांच्या जुड्या बांधत बसली. चिखलातल्या बायांना हाका मारून म्हणाली, "ओळ वाकडी चाल्लेय गो, देवकी. डोळं घरी ठिवून आलीस का?" बाया हसल्या. मग तिनं पुढची जुडी बांधायला घेतली.

चंदरनं तुम्हाला तीन पत्रं पाठवली. शाळा आठवीत सुटली, त्यामुळं पत्रं लिहायला त्याला महिना महिना लागला. दोन पत्रांना उत्तर नाही. तिसऱ्याला चार ओळींचं आलं, तुमच्या सहीचं: 'तिसऱ्या वळणावर अधिकृत मार्शलने पिवळा झेंडा योग्य वेळी दाखवला होता. प्रकरण बंद करण्यात आले आहे.'

प्रकरण बंद करायला ते तुमच्या घराचं दार नाही. तुम्ही आता लिहून दिलंय की तिथं मार्शल होता, अधिकृत होता आणि त्याच्या हातात झेंडा होता. यमू तर तुमच्या म्हणण्याप्रमाणे प्रेक्षक. म्हणजे तो दुसरा कोणीतरी होता. आठ जागांना आठच माणसं तुम्ही आणली होती, आणि यमू सोडून बाकीची सात आजही वाडीवर आहेत. सातही सांगतात की आम्ही तिसऱ्या वळणावर नव्हतो. तुमच्याकडं यादी असेल. यादीत नाव असेल, वय असेल, अंगठा असेल.

मोठी चौकशी मागत नाही. बंदी उठवा म्हणत नाही, जागा परत द्या म्हणत नाही. एकच विचारतो, आणि याचं उत्तर याच वेळी पाहिजे, सहीनिशी पाहिजे: त्या अधिकृत मार्शलचं नाव काय?